क्लबचं नाव कुणाच्या मालकीचं?

१४ ऑक्टोबर २०२५, मडगावचं फातोर्डा स्टेडियम. आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत भारतासमोर सिंगापूर. चौदाव्या मिनिटाला छांगटेने बॉक्सच्या बाहेरून सणसणीत गोल मारला आणि वाटलं, गाडी रुळावर आली. मध्यांतराच्या तोंडावर, ४४ व्या मिनिटाला, सिंगापूरच्या सोंग उई-यंगने बरोबरी साधली. ५८ व्या मिनिटाला त्यानेच दुसरा मारला. निकाल १-२. चार संघांच्या गटातून एकच संघ पुढे जाणार होता. चार सामन्यांत भारताचे गुण झाले दोन आणि आशियाई चषकाचं दार बंद झालं. महिनाभराने, १८ नोव्हेंबरला, ढाक्यात बांगलादेशनेही आपल्याला १-० ने हरवलं. बांगलादेशने भारताला त्याआधी हरवलं होतं ते २००३ मध्ये.

त्यानंतर चाहत्यांमध्ये जो वाद पेटला, त्याचे दोन तट ठरलेले आहेत. एक म्हणतो, क्लबवाल्यांनी देशाचं वाटोळं केलं. दुसरा म्हणतो, देशाचा फुटबॉल महासंघ नालायक आहे, क्लबना मध्ये ओढू नका. या भांडणात क्लबच्या परंपरेचा विषय काढला की दोन्हीकडून एकच उत्तर येतं: जर्सीचा रंग, नाव, गाव ही हळवेपणाची बाब आहे, आधी टीम जिंकू दे, मग रंगाचं बघू. मला हे उत्तर साफ चुकीचं वाटतं. क्लबचं नाव, रंग आणि गाव ज्या देशात एका सहीने बदलता येतं, त्या देशात दहा वर्षांची कुठलीच योजना टिकत नाही आणि पात्रता फेरी ही दहा वर्षांच्या कामाचीच परीक्षा असते.

आधी आकडे बघू. २०२६ च्या विश्वचषकाची दुसरी फेरी आणि २०२७ च्या आशियाई चषकाची शेवटची पात्रता फेरी धरून, नोव्हेंबर २०२३ ते नोव्हेंबर २०२५ या काळात भारत पात्रतेचे ११ सामने खेळला. त्यातला विजय एक, कुवेतमध्ये १-०. गोल पाच: मनवीर सिंग, छेत्रीची अफगाणिस्तानविरुद्धची पेनल्टी, दोहात छांगटे, सिंगापुरात ९० व्या मिनिटाला रहीम अली, आणि फातोर्ड्यात पुन्हा छांगटे. अकरा सामन्यांत पाच. दोहात कतारने बरोबरीचा गोल केला तेव्हा चेंडू आधीच रेषेबाहेर गेला होता आणि त्या फेरीत व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोय, नव्हतं, हा अन्याय खराच. पण कुवेत आणि बांगलादेशविरुद्ध घरच्या मैदानावर एकही गोल झाला नाही, त्याला रेफरी काय करणार?

घरच्या मैदानाचं म्हणाल तर या ११ पैकी पाच सामने भारतात झाले. भुवनेश्वर, गुवाहाटी, कोलकाता, शिलाँग, मडगाव: पाच सामने, पाच शहरं. त्यांत दोन बरोबरी, तीन पराभव. देशाचा संघ फिरता ठेवण्यात गैर काही नाही, जर्मनीचा संघही शहर बदलत खेळतो. पण तिथे तो जातो ते मुरलेल्या क्लबच्या मैदानांवर, जिथलं गवत, गॅलरी आणि गर्दी वर्षभर जिवंत असते. आपल्याकडे मैदान म्हणजे ज्या राज्य सरकारने बोलावलं ते.

गोल का होत नाहीत, याचं कारण नऊ नंबरच्या, म्हणजे मुख्य स्ट्रायकरच्या, जागेवर आहे. आयएसएलच्या (इंडियन सुपर लीगच्या) नियमाप्रमाणे अकरांत चार परदेशी खेळवता येतात. बहुतेक क्लब त्यातला एक याच सेंटर फॉरवर्डच्या जागेवर लावतात, कारण महागड्या परदेशी खेळाडूचा पैसा गोलमध्येच वसूल होतो. भारतीय पोरगा मग विंगवर जातो. वरच्या यादीतले मनवीर आणि छांगटे दोघेही क्लबकडून विंगवर खेळतात. म्हणूनच जून २०२४ मध्ये कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर निरोप घेतलेल्या सुनील छेत्रीला चाळिशीत परत बोलवावं लागलं.

क्लबना याबद्दल दोष देणं सोपं आहे, पण त्यांच्या जागी बसून बघा. एकोणीस वर्षांचा भारतीय स्ट्रायकर पहिल्या वीस सामन्यांत तीन गोल करेल, सोपे चान्स घालवेल. त्याला तिसऱ्या वर्षापर्यंत सांभाळायचं, तर तिसऱ्या वर्षी क्लब असायला हवा. इथेच परंपरेचा प्रश्न येतो, आणि त्यासाठी पुन्हा फातोर्ड्यालाच यावं लागतं.

२० मार्च २०२२. याच मैदानावर आयएसएलची फायनल. केरळ ब्लास्टर्सच्या पिवळ्या जर्सींनी स्टेडियम भरलेलं. १-१ नंतर पेनल्टी शूटआउट. गोव्याच्याच लक्ष्मीकांत कट्टीमणीने, जो पूर्वी धेंपोकडून खेळला, तीन पेनल्टी अडवल्या आणि हैदराबाद एफसी चॅम्पियन झाली. ही हैदराबाद एफसी आली कुठून? पुण्याहून. २०१४ मध्ये एफसी पुणे सिटी बालेवाडीत सुरू झाली, २०१९ मध्ये बंद झाली आणि तिची लीगमधली जागा हैदराबादला दिली गेली. २०२५ मध्ये तीच जागा दिल्लीला गेली, नाव झालं स्पोर्टिंग क्लब दिल्ली. आणि गंमत नव्हे, दुःख असं की २०१९ मध्येच दिल्लीचा दिल्ली डायनामोज भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला होता. अकरा वर्षांत एक जागा तीन शहरं फिरली. बालेवाडीत नारंगी जर्सी घालून जाणाऱ्या पोराने २०१९ नंतर काय करायचं होतं? हैदराबादला टाळ्या वाजवायच्या?

हैदराबादला तर स्वतःची परंपरा होती. हैदराबाद सिटी पोलीसने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईत येऊन रोव्हर्स कप जिंकला. त्यांचे प्रशिक्षक एस. ए. रहीम यांच्याच हाताखाली भारताने १९६२ चं आशियाई सुवर्ण जिंकलं. १८९१ मध्ये सुरू झालेला तो रोव्हर्स कपसुद्धा २०००-०१ नंतर झालेला नाही. ज्या शहरात एवढा वारसा पडून आहे, तिथे पुण्याचं उरलेलं लायसन्स नेऊन लावलं आणि सहा वर्षांत तेही उचललं.

फातोर्ड्यातली दुसरी रात्र १८ मार्च २०२३ ची. एटीके मोहन बागानने बेंगळुरूला पेनल्टीवर हरवलं आणि ट्रॉफी हातात असतानाच मालकांनी जाहीर केलं की पुढच्या हंगामापासून नावातलं 'एटीके' जाणार, क्लब मोहन बागान सुपर जायंट होणार. मैदानात आनंदाने लोक रडले, ते ट्रॉफीपेक्षा या घोषणेने. २०२० मध्ये एटीके या कोलकात्यातल्याच २०१४ च्या फ्रँचायझीच्या मालकांनी मोहन बागानच्या फुटबॉल विभागात ८० टक्के भागीदारी घेतली. १८८९ चा क्लब, १९११ ला बहुतांश अनवाणी संघ घेऊन ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शिल्ड जिंकणारा क्लब, आणि त्याच्या नावापुढे सहा वर्षांच्या कंपनीचं नाव आलं. हिरवी-मरून जर्सी आणि शिडाची होडी एवढी शिल्लक राहिली, तीही चाहत्यांनी आरडाओरडा केला म्हणून. तीन वर्षं 'रिमूव्ह एटीके'चे फलक लागले. मालकांनी शेवटी ऐकलं, ही चांगलीच गोष्ट. पण ऐकलं ते त्यांच्या मर्जीने. उद्या त्यांनी उलटा निर्णय घेतला तर त्यांना रोखणारा एकही लेखी नियम नाही, हा माझा मुद्दा आहे.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं, कारण त्यात तथ्य आहे. जुने क्लब म्हणजे सोन्याचे होते असं मुळीच नाही. महिंद्रा युनायटेड राष्ट्रीय लीग जिंकूनही २०१० मध्ये कंपनीने बंद केली. पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारी फगवाड्याची जेसीटी २०११ मध्ये गेली. त्याही एका सहीनेच गेल्या. शिवाय २०१५ च्या मार्चमध्ये भारत फिफा क्रमवारीत १७३ वा होता आणि आयएसएलच्या काळात २०१८ मध्ये ९६ पर्यंत चढला, हेही खरं. पैसा, मैदानं, फिजिओ, टीव्ही हे सगळं लीगने आणलं. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये तोच क्रमांक १४२ झाला. पैशाने वर चढता आलं, टिकता आलं नाही. त्याच वर्षाच्या शेवटी महासंघाचा आणि लीगच्या व्यापारी भागीदाराचा पंधरा वर्षांचा करार संपला आणि पुढचा हंगाम कधी सुरू होणार हेच खेळाडूंना कळेना. ज्या महिन्यांत सिंगापूरशी गाठ होती, त्या महिन्यांत भारताच्या खेळाडूंच्या पायांत लीगचे सामनेच नव्हते. याच सुमारास मध्य आशियातल्या सीएएफए नेशन्स कप स्पर्धेसाठी मोहन बागानने खेळाडू सोडले नाहीत म्हणून देशभर बोंब झाली. फिफाचा नियम सांगतो की क्लबला खेळाडू सोडणं बंधनकारक आहे ते फक्त फिफा विंडोत, म्हणजे देशांच्या सामन्यांसाठी राखलेल्या दिवसांत, आणि शिबिर त्या विंडोच्या आधीच सुरू झालं होतं. क्लब नियमाला धरून होता. लीगच्या वेळापत्रकातच विंडोआधीचे शिबिराचे दिवस लिहून ठेवले असते तर हा वाद उद्भवलाच नसता. पण वेळापत्रकच नसेल तर लिहायचे कुठे?

गोव्याचं उदाहरण सगळ्यांत जास्त बोलतं. आय-लीग ही तेव्हाची देशाची मुख्य लीग. तिचे पहिले सहाच्या सहा हंगाम, २००७-०८ ते २०१२-१३, गोव्याच्या क्लबनी जिंकले: धेंपो तीनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. सहा वर्षं देशाचा चॅम्पियन एवढ्याशा राज्यातून येत होता. मग २०१४ मध्ये आयएसएल ही समांतर लीग आली, तिचं दार पैसे भरणाऱ्या फ्रँचायझीलाच उघडं, आणि २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. जिंकूनही वर जाता येत नसेल तर खर्च करायचा कशाला, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. वरचं दार उघडलं ते २०२२-२३ पासून, जेव्हा आय-लीगच्या विजेत्याला आयएसएलमध्ये जागा मिळायला लागली. पण तेव्हा खाली घसरण्याचा नियम आला नाही. वर जायचा जिना होता, खाली यायचा नव्हता, म्हणजे वरच्याला घसरण्याची भीतीच नव्हती.

आजचे राष्ट्रीय प्रशिक्षक खालिद जमील यांची कारकीर्द बघितली तरी हेच दिसतं. खेळाडू म्हणून महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी. प्रशिक्षक म्हणून आधी मुंबई एफसी, मग ऐझॉल, जिला त्यांनी २०१६-१७ ची आय-लीग जिंकून दिली, आणि ती जिंकूनही ऐझॉलला वरचं दार बंदच होतं. महिंद्रा युनायटेड आज नाही, मुंबई एफसीही नाही. आपण देशाचा संघ ज्याच्या हाती दिला, त्याला घडवणारे क्लब मोडून बसलो आहोत.

कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब: ही नावं पेठांची आणि तालमींची आहेत. शाहू स्टेडियमवर सामना असतो तेव्हा मैदानात पेठच उतरते. खर्च वर्गणीतून आणि पेठेतल्या दुकानदारांकडून उभा राहतो. पाटाकडील तालमीला कुणी हैदराबादला हलवू शकत नाही, कारण ती विकत घ्यायला कागदच नाही. या व्यवस्थेत दोषही आहेत. समर्थकांच्या हाणामाऱ्यांनी हंगामाला गालबोट लागतं, आणि तालमीच्या संघाला राष्ट्रीय पातळीवर चढायची वाट जवळजवळ नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तो गाव सोडूनच. पण क्लब आणि गाव यांची गाठ कशी असते, हे बघायला जर्मनीला जायची गरज नाही.

तरी जर्मनीचा आणि इंग्लंडचा अनुभव कामाचा आहे, कारण त्यांनी गोष्टी कागदावर आणल्या. जर्मनीत १९९८ पासून '५० अधिक १' चा नियम आहे: व्यावसायिक विभाग कंपनी झाला तरी मतांची बहुसंख्या सभासदांच्या मूळ क्लबकडेच. लेव्हरकुसेन, वोल्फ्सबुर्ग असे अपवाद झाले आणि लाइपझिगने मोजक्याच लोकांना मतदानाचं सभासदत्व देऊन नियमाला बगल दिली, हे लक्षात ठेवायला हवं. इंग्लंडच्या लीगमध्ये खेळणाऱ्या वेल्समधल्या कार्डिफ सिटीच्या मालकाने २०१२ मध्ये निळी जर्सी लाल केली. लोक अडून बसले आणि जानेवारी २०१५ मध्ये निळी परत आली. हल सिटीचं 'हल टायगर्स' करायचा प्रस्ताव एफएने, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल महासंघाने, २०१४ मध्ये फेटाळला. आणि तिथल्या २०२५ च्या फुटबॉल गव्हर्नन्स कायद्याने बोधचिन्ह आणि घरच्या जर्सीचा रंग बदलायला चाहत्यांची संमती कायद्यानेच लागू केली.

भारताला '५० अधिक १' आज झेपणार नाही. ५१ टक्के मतं सभासदांकडे ठेवून कोटींची गुंतवणूक कुणी करणार नाही, आणि ईस्ट बंगालमध्ये गुंतवणूकदार आणि जुना क्लब यांचं २०२० ते २०२२ जे भांडण चाललं, ते अधिकारांची सरमिसळ झाली की काय होतं याचा नमुना आहे. त्यामुळे मागणी छोटी आणि नेमकी हवी. पैसा, प्रशिक्षक, खरेदी-विक्री हे सगळं मालकाचं. चार गोष्टी मात्र त्याच्या एकट्याच्या नाहीत: नाव, बोधचिन्ह, पहिल्या जर्सीचा रंग आणि शहर.

हे करायला नवा कायदा लागत नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ५ मध्ये सोय आहे की नियमावलीतली ठरावीक कलमं बदलायला नेहमीपेक्षा कडक अट घालता येते. क्लब चालवणाऱ्या कंपनीच्या नियमावलीत ही चार कलमं अशी बांधून टाकायची आणि ती बदलायला चाहत्यांच्या नोंदणीकृत संस्थेचं लेखी मत अनिवार्य करायचं. आशियाई फुटबॉल महासंघाच्या (एएफसी) क्लब परवान्याच्या कसोट्यांत कायदेशीर बाबींचा वेगळा गट असतोच, भारतीय महासंघाने आपल्या राष्ट्रीय नियमावलीत ही अट त्यात घालावी. परवाना दर हंगामाला तपासला जातो, म्हणजे पाळलं की नाही हे दरवर्षी कळेल.

मतदार कोण, इथे सगळा घोळ होऊ शकतो. नुसतं सीझन तिकीट धरलं तर मालक पाच हजार तिकिटं स्वतःच घेऊन मतं फिरवेल. म्हणून सलग दोन हंगाम सभासद असलेली व्यक्तीच धरायची, एका ओळखपत्राला एक मत, कंपनीच्या नावावर काढलेल्या तिकिटाला मत नाही. मतदारयादी प्रस्तावाच्या आदल्या दिवशी गोठवायची, नाहीतर प्रस्ताव फुटला की भरती सुरू होईल. सूचना ९० दिवस आधी. मंजुरीला दोन तृतीयांश मतं, आणि किमान उपस्थितीची अट हवीच, नाहीतर दीडशे लोकांच्या मतावर शंभर वर्षांचं नाव जाईल. सभासद शुल्क एवढं कमी हवं की रिक्षावाल्याला परवडेल आणि एवढं कमी नको की कुणी घाऊक भरेल. नव्या क्लबमध्ये सभासदच नसतील तर पहिली पाच वर्षं हा अधिकार राज्य संघटनेने नेमलेल्या विश्वस्तांकडे ठेवता येईल, पण त्यांनाही फक्त 'नाही' म्हणण्याचा अधिकार हवा.

प्रायोजकाचं नाव? ते छातीवर असू दे, स्टेडियमवर असू दे, सरावाच्या जर्सीवर असू दे. क्लबच्या नावात जोडायचं असेल तर त्याच मतदानातून, आणि ठरावीक मुदतीसाठी.

शहर सोडण्याचा नियम मात्र सगळ्यांत कडक हवा. १९८८ ला एफए कप जिंकलेला लंडनचा विम्बल्डन क्लब मालकांनी २००३ मध्ये मिल्टन कीन्सला नेला. चाहत्यांनी २००२ मध्येच खालच्या, स्थानिक लीगमधून एएफसी विम्बल्डन नव्याने उभा केला, नऊ वर्षांत तो व्यावसायिक लीगमध्ये पोहोचला आणि २०२० मध्ये प्लाउ लेन या आपल्या जुन्या जागी परतला. हे शक्य झालं कारण तिथे तळापासून वरपर्यंत एकच शिडी आहे, जिंकत जा आणि चढत जा. पुण्यातल्या चाहत्यांनी २०१९ मध्ये असं काही करायचं ठरवलं असतं, तर जिल्हा लीग जिंकून पुढे कुठे जायचं हेच ठरलेलं नव्हतं. म्हणून शहराचा नियम आणि चढ-उताराचा नियम एकत्रच मागायला हवेत. महासंघाने ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी घटना स्वीकारली आहे, लीगची नवी रचना आता लिहिली जाते आहे. ती लिहून झाल्यावर अटी घालता येत नाहीत.

आणि क्लब गेलाच, तर नाव, बोधचिन्ह आणि विक्रमांची नोंद शहरातच राहावी. २००७ मध्ये मिल्टन कीन्सच्या क्लबने विम्बल्डनच्या ट्रॉफ्या आणि जुना इतिहास मर्टन या विम्बल्डन असलेल्या लंडनच्या भागाच्या स्वाधीन केला. बालेवाडीत उद्या पुन्हा कुणी क्लब उभा केला, तर नारंगी जर्सी आणि २०१४ ते २०१९ ची नोंद त्याला मिळाली पाहिजे, दिल्लीतल्या कंपनीच्या कपाटात नव्हे.